घटनाच आठवत नसलेल्या साक्षीदाराचे आधीचे जबाब पुराव्यात कसे आणायचे?

वकिली_नवी

सत्र खटला आहे, भारतीय न्याय संहिता कलम १०९, खून करण्याचा प्रयत्न. घटना ऑगस्ट २०२४ ची, त्यामुळे सगळं नव्या कायद्यांखाली चालू आहे. मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करायचं आहे. जखमी हाच एकमेव प्रत्यक्षदर्शी. डोक्याला मार, कवटीत रक्तस्राव. त्याचे आधीचे चार जबाब रेकॉर्डवर आहेत:

१) दाखल करतेवेळी केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेली हकीकत, त्यात आरोपीचं नाव आणि 'लोखंडी रॉड'.
२) त्याच रात्री कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी मृत्यूपूर्व जबाब म्हणून घेतलेला जबाब.
३) तिसऱ्या दिवशीचा पोलीस जबाब, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १८०.
४) पंधरा दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याच संहितेच्या कलम १८३ चा जबाब.

यानंतर दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून घटनेचा दिवस पूर्ण पुसला गेला आहे. घरच्यांना ओळखतो, प्रश्न कळतात, उत्तरं सरळ देतो, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की 'आठवत नाही'. दोषारोप ठेवून झाला आहे. साक्ष्य अधिनियम कलम २६ मधल्या 'साक्ष देण्यास असमर्थ' या शब्दांवर हे जबाब थेट वाचता येतील का? आणि 'आठवत नाही' म्हणाला तर त्याला फितूर जाहीर करावं लागेल का?

उलटतपास

आधी गाठ सोडवू, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. साक्षीदार साक्ष देण्यास असमर्थ असणं वेगळं आणि त्याला घटना न आठवणं वेगळं. पहिल्याची कसोटी साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहे (जुन्या कायद्यातलं ११८): प्रश्न समजतो का, सुसंगत उत्तर देता येतं का. आजारामुळे हे जमत नसेल तरच तो असमर्थ. तुमचा जखमी प्रश्न समजून घेतो आणि 'आठवत नाही' असं सरळ उत्तर देतो. हे सुसंगत उत्तरच आहे. तो सक्षम साक्षीदार आहे, फक्त त्याच्याकडे सांगायला काही नाही. त्यामुळे कलम २६ चं दार तुमच्यासाठी उघडतच नाही.

आणि उघडलं असतं तरी आत कुठे बसणार होतात? 'असमर्थ' हे फक्त उंबरठ्यावरचं काम. त्यानंतर जबाब खंड (अ) ते (ह) पैकी एकात बसावा लागतो. खंड (अ) म्हणजे मृत्यूच्या कारणाबाबतचा जबाब. माणूस जिवंत आहे, म्हणून तो बाद. व्यवसायाच्या ओघात केलेली नोंद, स्वतःच्या हिताविरुद्धचं विधान, नातेसंबंध, यातलं काहीच मारहाणीच्या हकिकतीला लागू होत नाही. गंमत अशी की अनेक अर्जांत 'असमर्थ' या शब्दावर पानंच्या पानं असतात आणि खंडाचा उल्लेखही नसतो.

आता एकेक जबाब. (कलम १८०, १८१, १८३ नागरिक सुरक्षा संहितेची; बाकी नुसती कलमं साक्ष्य अधिनियमाची.)

मृत्यूपूर्व म्हणून घेतलेला जबाब: माणूस वाचला की तो मृत्यूपूर्व जबाब राहत नाही. रामप्रसाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की असा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोरच्या साध्या जबाबासारखा धरायचा, म्हणजे फक्त पुष्टीसाठी किंवा विसंगती दाखवण्यासाठी. पुष्टी कलम १६० खाली. पण पुष्टी कशाची करणार? साक्षीदाराने कोर्टात त्या वस्तुस्थितीबद्दल काहीतरी सांगितलेलं असावं लागतं. भिंतच नसेल तर टेकू लावणार कशाला?

पोलीस जबाब: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १८१ ची आडकाठी. फक्त विसंगती दाखवण्यासाठी, तीही कलम १४८ च्या पद्धतीने. सरकार पक्षाला त्यासाठी कोर्टाची परवानगी. त्यातला मजकूर खरा म्हणून वाचता येत नाही.

कलम १८३ चा जबाब: शपथेवर असला तरी मूलभूत पुरावा (ज्यावर स्वतंत्रपणे निष्कर्ष काढता येतो असा) नाही. राम किशन सिंग विरुद्ध हरमीत कौर (१९७२) पासून हे पक्कं आहे. कलम २७ (जुनं ३३) खालीही येत नाही, कारण जबाब होताना आरोपीला उलटतपासाची संधी नव्हती, आणि ती संधी ही त्या कलमाची अटच आहे.

केसपेपरवरची हकीकत: पुष्टीपलीकडे न्यायची असेल तर कलम ४ चा, एकाच घटनाक्रमाचा भाग म्हणून प्रयत्न करता येईल. पण घटना आणि बोलणं यांत अंतर पडलं की तो मार्ग बंद होतो. जेंतेला विजयवर्धन राव (१९९६) वाचा: विधान घटनेसोबतचं, निदान लगोलग असावं लागतं. जखमी किती वाजता पोचला, वाटेत कोण बरोबर होतं, हे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून आधी बघा.

आंतरजाल_वाचक

अमेरिकेत १९८८ चा युनायटेड स्टेट्स विरुद्ध ओवेन्स हा निकाल अगदी याच मुद्द्यावर आहे ना? तुरुंगातल्या कर्मचाऱ्यावर हल्ला, डोक्याला मार, स्मृती गेली, पण आधी त्याने हल्लेखोराची ओळख पटवली होती आणि ती पुराव्यात घेतली गेली.

उलटतपास

बरोबर, ६ विरुद्ध २ मतांनी. साक्षीदार शपथेवर हजर आहे आणि प्रश्नांना उत्तरं देतोय, एवढ्यावर उलटतपासाची संधी मिळाली असं धरलं गेलं. पण तिथल्या पुरावा नियमांत 'आधी केलेली ओळख' हे ऐकीव पुराव्याच्या बाहेर काढणारं स्वतंत्र कलमच आहे. आपल्याकडे तसं कलम नाही. ओळख परेड आपल्याकडे कलम ७ खाली पुष्टीपुरती असते, मूलभूत पुरावा कोर्टातली ओळखच (मलखानसिंग, २००३). सत्र न्यायालयात ओवेन्स वाचून दाखवला तर वेळ जाईल, बाकी काही नाही.

खंडपीठ

वरचं विवेचन बरोबर आहे, पण दोन मार्ग राहिले. त्यांतला एक भक्कम आहे असं माझं मत.

पहिला, कलम १६२ आणि १६३ (जुनी १५९, १६०). स्मृती ताजी करणं. इथे फितूर जाहीर करायची गरज नाही आणि करूही नका. प्रामाणिकपणे विसरलेल्या साक्षीदाराला फितूर म्हटलं की आरोपीचा वकील तेच वाक्य शेवटच्या युक्तिवादात तुमच्यावर उलटवतो.

कलम १६२ म्हणतं: लेख साक्षीदाराने स्वतः घटनेच्या वेळी किंवा स्मृती ताजी असताना लिहिलेला असावा, किंवा दुसऱ्याने लिहिलेला, पण साक्षीदाराने त्याच काळात वाचून बरोबर असल्याचं जाणलेलं असावं. कलम १८३ चा जबाब दंडाधिकाऱ्यांनी लिहिला, वाचून दाखवला, साक्षीदाराने सही केली. तो या दुसऱ्या प्रकारात बसतो असा युक्तिवाद होतो. वाचून दाखवणं हे वाचण्यात धरायचं का आणि पंधरा दिवसांनंतर स्मृती ताजी होती का, हे कोर्ट ठरवेल. कलम १८१ ची आडकाठी याला नाही, ती पोलीस जबाबाला आहे. म्हणून पोलीस जबाब साक्षीदाराच्या हातात देऊ नका, लगेच हरकत येईल.

खरी ताकद कलम १६३ मध्ये आहे. घटना स्वतंत्रपणे आठवत नसली तरी 'त्या लेखात बरोबर नोंद झाली आहे याची मला खात्री आहे' असं साक्षीदार सांगू शकला, तर तो त्यातल्या वस्तुस्थितीबद्दल साक्ष देऊ शकतो. उदाहरण कलमातच आहे: हिशेब लिहिणाऱ्याला एखादा व्यवहार आठवत नाही, पण वह्या बिनचूक ठेवल्या गेल्या हे तो जाणतो. तुमच्या साक्षीदाराची अडचण इथे येईल. जबाब दिल्याचंही आठवत नसेल तर खात्री कशावरून? 'सही माझी आहे, न वाचता मी सही करत नाही' एवढंच म्हणता येईल. पाया कमजोर, पण पाया आहे.

पद्धत अशी ठेवा. सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेला पहिला तपास) मोकळ्या प्रश्नांनी सुरू करा, सूचक प्रश्न नकोत. शेवटची स्पष्ट आठवण कोणती, नंतरची पहिली कोणती, रुग्णालय आठवतं का, दंडाधिकाऱ्यांच्या दालनात गेल्याचं आठवतं का, हे प्रश्नोत्तर रूपात लिहून घ्यायला सांगा. मग सही दाखवा. मग परवानगी मागून जबाब वाचायला द्या. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: आता काही आठवतं का? 'नाही' आलं तरच १६३ चा प्रश्न. कागद दुसऱ्या बाजूला दाखवावा लागतो (कलम १६४), त्यावर उलटतपासही होतो. कागदाला त्यातल्या मजकुरासाठी निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) मिळत नाही. पुरावा असतो तो साक्षीदाराचं तोंडी सांगणं. टंकलेखक 'साक्षीदाराने जबाब वाचला व तो बरोबर आहे' एवढंच एक वाक्य टाकून पुढे जातो, ते होऊ देऊ नका. रॉड, हात, जागा, नाव, प्रत्येक गोष्ट साक्षीदाराच्या तोंडून स्वतंत्र वाक्यात आली पाहिजे. ती न आल्यामुळेच अपिलात 'सरतपासात आरोपीची भूमिकाच नाही' असं निघतं.

दुसरा मार्ग, कलम १८३(६). हा वादाचा मुद्दा म्हणून सांगतो, ठरलेला कायदा म्हणून नाही. खंड (ख) म्हणतो की खंड (क) खाली घेतलेला, तात्पुरत्या किंवा कायमच्या मानसिक वा शारीरिक विकलांग व्यक्तीचा जबाब हा सरतपासाऐवजी धरला जाईल आणि त्यावर थेट उलटतपास होईल. खंड (क) मुळात लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितेबद्दल आहे, पण नव्या संहितेत त्यालाच परंतुक ('परंतु...' अशी पुरवणी तरतूद) जोडून दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या साक्षीदारांचे जबाब आणले आहेत. न्याय संहितेचं कलम १०९ त्यात येतं. मग तुमच्या जखमीचा जबाब खंड (क) खालचा, आणि तो त्या वेळी विकलांग होता का, एवढाच प्रश्न उरतो. विरुद्ध बाजू म्हणेल की परंतुकाने मूळ खंडाची व्याप्ती वाढत नाही.

जबाबाच्या दिवशी त्याची अवस्था काय होती? चित्रीकरण झालं होतं का? विकलांग व्यक्तीच्या बाबतीत दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि दृकश्राव्य चित्रीकरण तिथे सांगितलेलं आहे.

वकिली_नवी

उजवी बाजू लुळी होती, बोलणं जड होतं, अंगठा डाव्या हाताचा आहे, सही नाही. चित्रीकरण मोबाईलवर झालंय, पेनड्राइव्ह सीलबंद आहे. दुभाषी नव्हता.

खंडपीठ

मग चित्रीकरण फार महत्त्वाचं. 'सही माझी' हा १६३ चा पाया गेला. अंगठ्यावरून 'मी वाचलं होतं' म्हणणं कठीण. १८३(६)(ख) चा अर्ज द्याच. पेनड्राइव्हला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, भाग अ आणि भाग ब दोन्ही, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा). दुभाषी नसल्याबद्दल हरकत येईल. चित्रीकरणात प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्पष्ट ऐकू येत असतील तर 'मदतीची गरजच पडली नाही' हे उत्तर देता येतं.

न्यायवैद्यक

कायद्याचं तुम्ही बघा, वैद्यकीय बाजूचे काही मुद्दे. उलटतपास इथेच होणार आहे.

मेंदूला मार लागल्यावर रुग्ण डोळे उघडून, नाव-गाव सांगत बोलतो, ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १५ मिळतात, तरी त्या काळात मेंदू नवीन आठवणी साठवत नसतो. ही अवस्था काही तास ते काही आठवडे टिकते. म्हणजे 'जबाब देण्यास सक्षम' असा शेरा बरोबर असूनही सांगितलेली हकीकत स्वतःची आठवण नसून खाटेशेजारी ऐकलेली असू शकते. स्मृतीतली पोकळी माणूस नकळत भरतो, खोटं बोलण्याचा हेतू नसतो. म्हणून पहिला जबाब किती वाजता झाला, त्याआधी नातेवाईक भेटले होते का, गुंगीची औषधं कोणती आणि किती वाजता दिली, हे परिचारिकांच्या नोंदीतून काढा. केसपेपरवर हकीकत सांगणारा रुग्ण स्वतः होता की बरोबर आलेला माणूस, हेही तिथेच कळतं. बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, तेव्हा डॉक्टरांनाच साक्षीत विचारावं लागतं.

दुसरं, मारापूर्वीच्या काही मिनिटांची आठवण कधी पक्की झालेलीच नसते, ती नंतर परत येत नाही. तुमच्या रुग्णात मात्र आठवण आधी सांगितली गेली आणि शस्त्रक्रियेनंतर गेली. हा क्रम नेहमीचा नाही. त्याचं कारण मज्जारोगतज्ज्ञाने स्कॅन दाखवून समजावलं पाहिजे: पुन्हा रक्तस्राव, झटके, संसर्ग, काय ते. कारण नसेल तर 'साक्षीदार दबावाखाली विसरतोय' किंवा 'पहिली हकीकतच शिकवलेली' यापैकी एक निष्कर्ष निघेल, आणि दोन्ही तुम्हाला नको आहेत.

तीस गुणांची मानसिक स्थिती चाचणी जोडली जाते, ती इथे अपुरी आहे. ती सर्वसाधारण आकलन मोजते. एका दिवसाची आठवण गेलेल्या माणसाला तिच्यात २८ मिळू शकतात.

उलटतपास

न्यायवैद्यक यांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) दाखवून काही जण म्हणतात की डॉक्टरांचा शेरा नसला तरी चालतो, दंडाधिकाऱ्यांचं समाधान पुरे. ते खरं, पण तो निकाल मृत्यूपूर्व जबाबाचा आहे आणि शेरा असण्या-नसण्याचा आहे. आठवण स्वतःची होती का, हा वेगळा प्रश्न.

आणखी एक. साक्षीदार खोटं 'आठवत नाही' म्हणतोय असा खरोखर संशय असेल तरच कलम १५७ खाली परवानगी मागा. मग पोलीस जबाबातला भाग अवतरणासह समोर ठेवा, 'पोर्शन मार्क अ' अशी त्या भागावर खूण करून घ्या, आणि तो तपासी अंमलदाराकडून शाबीत करा. हे शेवटचं पाऊल राहिलं की सगळी मेहनत पाण्यात. शाबीत होऊनही त्यातून साक्षीदाराची विश्वासार्हता डळमळते एवढंच. मजकूर पुरावा होत नाही. पण त्याच उलटतपासात तो 'हो, तसं सांगितलं होतं आणि ते खरं होतं' म्हणाला, तर ते कोर्टातलं शपथेवरचं सांगणं आहे, आणि सत पाल (१९७६) नुसार फितूर साक्षीदाराची साक्ष सरसकट पुसली जात नाही.

दिवाणी_दावे

विषयाला चिकटून, कारण असाच प्रश्न मृत्युपत्राच्या दाव्यांत सारखा येतो. साक्षांकन करणाऱ्याला (मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला) स्मृतिभ्रंश झाला तर कलम ७० (जुनं ७१) स्पष्ट आहे: साक्षांकन करणाऱ्याने निष्पादन (दस्त करून सही केल्याचं) नाकारलं किंवा त्याला आठवत नसेल, तर इतर पुराव्याने शाबीत करता येतं. पण जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम (२००३) विसरू नका. दुसरा साक्षांकन करणारा हयात आणि उपलब्ध असताना त्याला न बोलावता या कलमाचा आसरा घेता येत नाही. दोन्ही साक्षीदार म्हातारे असतील तर दावा दाखल होताच दिवाणी प्रक्रिया संहिता आदेश १८ नियम १६ खाली ताबडतोब साक्ष घेण्याचा अर्ज द्या, घराबाहेर पडता येत नसेल तर आदेश २६ खाली कमिशन (कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीने साक्ष घेणं). उलटतपासासह झालेली ही साक्ष पुढे तो खरोखर असमर्थ झाला तर कलम २७ खाली वापरता येते. सरतपासाचं शपथपत्र दाखल केलं आणि उलटतपासाआधीच स्मृती गेली, तर अडकलात: काही उच्च न्यायालयं ते वाचायचं पण वजन कमी म्हणतात, काही वाचूच देत नाहीत.

वकिली_नवी

समजलं. मग आता क्रम काय ठेवू?

खंडपीठ

आधी मज्जारोगतज्ज्ञाकडून तपासणी आणि अहवाल, पण डॉक्टर साक्षीला येणार असेल तरच. नुसतं प्रमाणपत्र नको. मग जखमीची साक्ष यादीत आधी घेण्याचा अर्ज, सकाळच्या सत्रात, मध्ये विश्रांतीसह. त्याच्याबरोबर १८३(६)(ख) चा अर्ज, आणि पर्यायाने १६२-१६३ ची विनंती त्याच अर्जात. चित्रीकरणाची प्रत आरोपीला आधीच दिली गेली आहे का ते तपासा, नसेल तर द्या. जबाब घेणारे न्यायदंडाधिकारी साक्षीदार यादीत हवेत.

परिस्थितीजन्य पुरावा वेगळा उभा करा: रॉडवरचं रक्त, जखमेशी रॉडचा मेळ, पंचनाम्याचे पंच. पंच विसरले असतील तर त्यांना पंचनामा वाचून स्मृती ताजी करता येते, तिथे १६२ विनासायास लागतो. तपासी अंमलदार दैनंदिनी बघून बोलला तर बघितलेल्या भागावर आरोपीला उलटतपासाचा हक्क मिळतो (संहिता कलम १९२), त्यामुळे त्याला तयारी करून यायला सांगा.

आणि १८३(६)(ख) च्या अर्जावर आरोपीचं लेखी म्हणणं आल्याशिवाय आदेश होऊ देऊ नका, कितीही घाई असली तरी. अपिलात पहिला मुद्दा तोच निघेल.